सुखासन एअरचं वाडीतलं उड्डाण

आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे नागपूरच्या आमच्या कॉलनीत, गेल्या दोन वर्षांत तीन संस्था निघाल्या. एक हास्यक्लब, एक बायकांची भिशी आणि एक विमान कंपनी. पहिल्या दोन अजून चालू आहेत. तिसरीचा संस्थापक, चेअरमन आणि एका दिवसापुरता हवाई सेवक मीच होतो, त्यामुळे तिच्याबद्दल मी अधिकाराने बोलू शकतो.

सुरुवात सरिताच्या मणक्यापासून झाली. सरिता म्हणजे माझी बायको. आमची मुलगी श्वेता लंडनला असते. एप्रिलमध्ये तिचा फोन आला, की दिवाळीनंतर बाळ येणार आहे आणि आई तू हवीच. सरिताने फोनवर हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर रडायला बसली. बसली म्हणजे आडवी झाली, कारण बसणंच तिला जमत नव्हतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, सलग दोन तासांच्या वर खुर्चीत बसायचं नाही, लांबचा प्रवास असेल तर झोपून करा.

विमानात झोपून जाता येतं. त्याला बिझनेस क्लास म्हणतात. मी चौकशीसाठी फोन केला. पलीकडच्या मुलीने अतिशय गोड आवाजात जो आकडा सांगितला, तो मी सरितापासून लपवला. मणक्याला जोडून हृदयाचा त्रास नको.

त्यात मला एक जुना सल होता. तीन वर्षांपूर्वी श्वेताच्या पदवीदानाला आम्ही लंडनला गेलो होतो. विमानात शिरल्यावर आपल्याला आधी त्या रुंद खुर्च्यांमधून चालवत नेतात. का नेतात, हे मला अजून कळलेलं नाही. दुसरं दार करता येत नाही का? तिथे एक गृहस्थ पायमोजे घालून, पाय लांब करून संत्र्याचा रस पीत बसले होते. संत्र्याचा रस, आणि तोही आम्हा नागपूरच्या माणसांसमोर. सरिताच्या पाठीत कळ आली म्हणून तिने एका रिकाम्या खुर्चीच्या खांद्यावर जरा हात टेकला. जेमतेम अर्धा मिनिट. हवाई सुंदरी हसून म्हणाली, "मॅडम, कृपया पुढे चला." पुढे म्हणजे मागे. आम्ही मागे जाऊन बसलो आणि तिने मधला पडदा ओढला. मी कोराडीच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं कंट्रोल रूममध्ये काढली आहेत. मी एक बटण दाबलं असतं तर अर्धं नागपूर अंधारात गेलं असतं. (दाबलं नाही, तो भाग वेगळा.) अशा माणसाच्या तोंडासमोर पडदा ओढला जातो तेव्हा तो माणूस विसरत नाही.

हे सगळं मी संध्याकाळी बगिच्यातल्या बाकावर गणपतरावांना सांगितलं. गणपतराव भोयर आमचे शेजारी. ट्रान्सपोर्टच्या धंद्यात जन्म गेला. आता ट्रक विकले, पण अमरावती रोडवर वाडीला त्यांचं गोदाम आहे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मंग आपणच काढू ना विमान."

"आपण?"

"काहून? ट्रकच्या टायमालेही लोक असेच हासत होते मले. आपल्या विमानात मागची सीटच ठेवाची नाही. सगळे पुढं. पडदाच नाही."

मी त्या रात्री झोपलो नाही. सगळे पुढे. इतकी साधी गोष्ट जगात कोणाला सुचली नसावी, याचं मला आश्चर्य वाटत होतं.

कोणाकोणाला सुचली होती, हे दुसऱ्या दिवशी नागसेनने सांगितलं. नागसेन आमच्या समोरच्या घरातला. मिहानमध्ये विमानं दुरुस्त होतात तिथे तो इंजिनिअर आहे, त्यामुळे लेआउटमध्ये विमानाला हात लावलेला तो एकटाच माणूस. तो म्हणाला, "काका, असे प्रयोग झालेत. बरेच बसले. एखादी कंपनी टिकली, पण तिच्या दोन्ही टोकांना मोठ्या बँका नि कचेऱ्या आहेत. आपल्या एका टोकाला लंडन आहे, आणि दुसऱ्या टोकाला आपण."

"आपण म्हणजे काही कमी आहे का?"

"कमी नाही काका. पण बिझनेस क्लासची खुर्ची मागच्या लोकांच्या तिकिटांवर उडते. मागचे काढून टाकले तर पुढच्यांना सगळं पेट्रोल स्वतःच भरावं लागतं."

हा मुद्दा मी वहीत लिहून घेतला आणि पान उलटलं. शास्त्र शिकलेल्या मुलांमध्ये धाडस कमी असतं.

बातमी दोन दिवसांत लेआउटभर झाली. चौसष्ट घरांपैकी अकरा घरांची मुलं परदेशात आहेत, म्हणजे प्रवासी तयारच होते. त्याहून तयार होता सल्ला. निवृत्त मुख्याध्यापक डहाके सर म्हणाले, बाकी काहीही करा, संडास भरपूर ठेवा. कोणी म्हणालं, जेवणात सावजी नको, उंचीवर झोंबतं. कोणी म्हणालं, सावजी नसेल तर आम्ही दुसऱ्या कंपनीने जाऊ. हास्यक्लबवाल्यांनी उड्डाणाआधी दहा मिनिटं मागितली. एका काकूंनी विचारलं, चपला कुठे काढायच्या? मी म्हटलं, काढायच्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मग कसला वरचा क्लास?"

नावावरून तर दोन संध्याकाळी वाया गेल्या. 'विदर्भ एअर' म्हटलं की अर्धे लोक वेगळ्या राज्याच्या मुद्द्यावर जात आणि बैठक आठ वाजता आटोपत नसे. शेवटी सरिताने घरातून, गादीवर पडल्यापडल्या नाव सुचवलं, 'सुखासन एअर'. ती टोमणा मारत होती हे मला नंतर कळलं. तोवर बोर्ड रंगवून झाला होता.

आता सरकारदरबारी. नवउद्योजकांना मार्गदर्शन करणारा एक कक्ष आहे असं समजलं, तिथे मी गेलो. पुढ्यात हर्षा मॅडम होत्या, चष्मा कपाळावर, स्वभावाने चांगल्या. त्यांनी प्रवासी वाहतुकीचा फॉर्म काढला आणि विचारलं, "वाहन किती चाकी?"

मी म्हटलं, "विमान आहे."

"ते कळलं. पण हा रकाना रिकामा राहिला तर कॉम्प्युटर पुढं जात नाही."

मी बाहेर येऊन नागसेनला फोन केला. तो कामात होता. म्हणाला, लंडनपर्यंत जाणारं लहान विमान घेतलं तर सहा. मी आत जाऊन सहा सांगितलं. मॅडमनी टाइप केलं, थोडा वेळ पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सर, सहा चाकी म्हणजे हे ट्रकमध्ये घेऊन राहिलं."

"मग?"

"ट्रकमध्ये प्रवासी बसवता येत नाहीत."

सुखासन एअरचा अर्ज अशा रीतीने पहिल्याच दिवशी, माणसांची ट्रकमधून वाहतूक केल्याच्या कारणावरून नामंजूर झाला. हर्षा मॅडमना वाईट वाटलं. त्यांनी मला चहा पाजला आणि सांगितलं, की विमानाचं खातं दिल्लीला आहे, तिकडे लिहा, पण आधी पैसा लावणारा एखादा माणूस उभा करा. हा आठ महिन्यांत मला सरकारकडून मिळालेला एकमेव उपयुक्त सल्ला.

तो माणूस गणपतरावांनी आणला. नानाजी वानखेडे, वरूडकडचे संत्र्याचे मोठे व्यापारी, गणपतरावांचे दूरचे साडू. पांढरं धोतर, पायात कोल्हापुरी, हातात दोन फोन. त्यांनी माझा बेचाळीस पानांचा प्रकल्प अहवाल हातात घेतला, वजन पाहिलं आणि बाजूला ठेवला.

"मी ट्रक घेतो तं आंधी चालवून पाह्यतो," ते म्हणाले. "संत्रा घेतो तं आंधी खाऊन पाह्यतो. तुमचं विमान काही चालवून पाह्यता येत नाही. मंग बसून पाहू. नागपूर ते लंडन किती घंटे?"

"दहा."

"तं दहा घंटे मले बसवून दाखवा. मानूस टिकला तं पुढचं बोलू."

मला हे फार शहाणपणाचं वाटलं. शिवाय मनात दुसरी गोष्ट होती. सरिता त्या खुर्चीत दहा तास टिकली तर तिला धीर येईल, मग तिकिटाचं काहीतरी करू, घरावर कर्ज काढू, पण ती जाईल. ऑगस्ट संपत आला होता. श्वेता रोज फोन करायची आणि सरिता रोज विषय बदलायची.

गणपतरावांनी गोदामाचा अर्धा भाग मोकळा करून दिला. फर्निचरवाला अंकुश कामाला लागला. त्याने भंगारात निघालेल्या लक्झरी बसच्या बारा खुर्च्या आणल्या आणि त्यांना दवाखान्यातल्या पलंगाच्या मोटारी बसवल्या. बटण दाबलं की खुर्ची गुरगुरत आडवी व्हायची. प्रत्येक खुर्चीला सेवकाला बोलवायची घंटी हवी, असं मी म्हटलं होतं. अंकुशने बाजारातून घराच्या दाराला लावतात त्या बारा बेल आणल्या. चार चिमण्यांच्या, पाच आरतीच्या, आणि तीन, ज्यात एक बाई म्हणते, "कृपया दरवाजा खोलिए."

सप्टेंबरच्या एका रविवारी सकाळी नऊ वाजता सुखासन एअरचं पहिलं उड्डाण वाडीहून लंडनकडे निघालं.

प्रवासी बारा. पहिल्या रांगेत नानाजी आणि सरिता, मागे डहाके सर आणि लेआउटमधली मंडळी. सगळे चांगले कपडे घालून आले होते. दोघांनी तर सामान आणलं होतं. गणपतराव कॅप्टन. दाराजवळ स्टुलावर बसून त्यांनी माईक हातात घेतला. नागसेनने कोणत्या वेळेला विमान कुठे असेल याचा तक्ता करून दिला होता, पण गणपतरावांचा जन्म अमरावती रोडवर गेला होता. वीस मिनिटांनी ते म्हणाले, "अमरावती गेलं." मग, "अकोला गेलं. मलकापूरले चहाले थांबनार नाही." मलकापूरनंतर त्यांचा आत्मविश्वास कमी झाला. इंदूरच्या बाजूने कुठेतरी ते गप्प झाले.

एक गोष्ट माझ्या बेचाळीस पानांत राहून गेली होती. बाराही जण बिझनेस क्लासचे. मग वाढणार कोण? हवाई सेवक नेमायचं कोणालाच सुचलं नव्हतं, आणि आता कोणी उठायला तयार नव्हतं, कारण प्रत्येकजण पाहुणा होता. चेअरमननेच टाय कमरेला खोचून तर्री-पोह्यांच्या प्लेटा फिरवायला सुरुवात केली. पहिली प्लेट नानाजींना दिली, तेवढ्यात मागे चिमणी वाजली. चिमणीकडे गेलो तर आरती लागली. डहाके सरांना लिंबू हवं होतं. लिंबू आणेपर्यंत तीन बाजूंनी बाई म्हणू लागली, कृपया दरवाजा खोलिए. ज्या माणसांना घरी पाणी स्वतः घ्यावं लागतं, ती माणसं घंटीचं बटण हातात आल्यावर किती बदलतात, हे मी त्या दिवशी पाहिलं. तर्री माझ्या पांढऱ्या शर्टावर सांडली. कोणीतरी म्हणालं, सर्व्हिस ढिली आहे.

साडेदहाला सरिता उठली. मी म्हटलं, "तू झोप. तुझ्यासाठीच चाललंय हे सगळं."

"झोपून झोपून पाठ आखडली माझी," ती म्हणाली. "द्या तो चहाचा ट्रे." आणि पदर खोचून ती चहा वाटायला लागली.

पावणेएकला, नागसेनच्या तक्त्याप्रमाणे इराणवर असताना, वीज गेली. अख्ख्या वाडीची गेली होती, त्यात माझा काही दोष नव्हता. पण जेवणानंतर सगळ्यांनी खुर्च्या आडव्या केल्या होत्या आणि मोटारी बंद पडल्या. बाकीचे निदान सरळ आडवे होते. नानाजींचं बटण अर्ध्यात होतं. त्यांचं डोकं खाली आणि पाय वर अशा स्थितीत त्यांची खुर्ची थांबली. संत्र्याचा एवढा मोठा व्यापारी, धोतर सांभाळत, छताकडे पाहत पडून राहिला.

"उमाठे साहेब," ते शांतपणे म्हणाले, "विमान खाली चाललं काय?"

मी म्हटलं, "वीज येईलच. तुम्हाला उतरवू का?" ते म्हणाले, "नाही. दहा घंटे म्हंजे दहा घंटे." मी कोराडीतल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांना तीन फोन केले. चौतीस वर्षांच्या नोकरीचं वजन वापरून मला एवढंच कळलं, की वीज येईल तेव्हा येईल.

पंखे बंद, पत्र्याचं छत, सप्टेंबरचं ऊन. त्यात दोन वाजता गोदामाचं मोठं शटर वर गेलं आणि एक ट्रक मागे मागे करत थेट आमच्या शेपटीपर्यंत आला. गोदामाचा उरलेला अर्धा भाग ज्यांना भाड्याने दिला होता, त्यांचा चन्याचा माल आला होता. रविवारी येत नाही, म्हणाले गणपतराव. आज आला. दहा-बारा हमाल उतरले. त्यांनी आत डोकावून पाहिलं, तर अर्धवट अंधारात अंगावर पांढऱ्या चादरी घेतलेली अकरा माणसं रांगेने निपचित पडलेली, आणि एक बाई त्यांना पाणी पाजत फिरतेय. पुढच्या हमालाने चप्पल बाहेर काढली आणि हळू आवाजात मला विचारलं, "कोन्या डॉक्टरचं शिबिर होय जी?"

मी शिबिर नसल्याचं सांगेपर्यंत बातमी शेजारच्या दोन गोदामांत गेली होती. रांग लागली. कोणाचा गुडघा, कोणाची कंबर. एकाने तर नाव लिहून घ्यायला आधार कार्ड पुढे केलं. एवढ्यात डहाके सर संधी साधून उठून बाहेर मोकळ्या हवेत गेले, आणि त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर गोदाम झाडणारी एक म्हातारी बाई येऊन टेकली. प्रयागबाई तिचं नाव. सांडलेला चना झाडून गोळा करायचं तिचं काम. पाठीतून इतकी वाकलेली होती, की उभी असली तरी बसल्यासारखी दिसे.

मी घामाघूम, शर्टावर तर्री, गुंतवणूकदार उलटा टांगलेला. मी म्हटलं, "बाई, इथं बसता येत नाही. हे फक्त बिझनेस क्लासच्या लोकांसाठी आहे."

"मायाही बिझनेसच हाये ना जी," ती म्हणाली. "झाडू माराचा."

हमाल हसले. मला ते लागलं. मी तिला हाताने उठायची खूण केली, ती उठून रांगेत गेली, आणि मी गोदामाच्या दोन भागांमधल्या दोरीवरची ताडपत्री खस्सकन ओढून मध्ये लावून टाकली. इकडे आम्ही, तिकडे ते.

मागे वळलो तर सरिता ट्रे घेऊन उभी होती. तिने ट्रे माझ्या हातात दिला, ताडपत्री बाजूला केली आणि प्रयागबाईला हाताला धरून आत आणलं. स्वतःच्या खुर्चीवर, नानाजींच्या शेजारी बसवलं. त्या क्षणी मला त्या गोदामात लपायला जागा असती तर मी चन्याच्या पोत्यांमागे जाऊन बसलो असतो. पण घंटी वीज नसल्यामुळे वाजत नव्हती आणि लोक आता नुसत्या तोंडाने हाका मारत होते, त्यामुळे लाजायलाही वेळ मिळाला नाही. मी रांगेतल्या सगळ्यांना पाणी दिलं, उरलेले पोहे दिले. पोहे चांगले झाले होते, हे पहिल्यांदा कोणीतरी म्हटलं.

सरिता प्रयागबाईजवळ उभी होती. मी जवळून जाताना मला तुकडे ऐकू येत होते.

"पाठ केव्हापासून अशी?"

"धाकटी पोट्टी झाली तेव्हापासून. तुयी वं?"

"चार वर्षं झाली. मुलगी लंडनला आहे. बाळंतपणाला जायचं आहे, पण बसवतच नाही."

प्रयागबाईला यात अडचण काय ते कळेना. "मी गेलती ना सुरतले, लेकीच्या बाळंतपनाले. जनरलच्या डब्यात. बसाले जागाच नोती."

"मग कसं केलं?"

"काय करतो? उभी राह्यली. थोडी चालली. पाय दुखले तं खाली बसली. लोक आले तं उठली. गाव आलं." मग तिने सरिताच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "बसून राह्यलं का अकडते वं. चालती ठेवाची."

वीज चार वाजता आली. नानाजींची खुर्ची गुरगुरत सरळ झाली. त्यांनी धोतर नीट केलं, दोन मिनिटं डोळे मिटून बसले. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो, जसे परीक्षेच्या निकालाला उभे राहतात तसा.

"सीट चांगली हाये," ते म्हणाले. "उलटं पडून विचार चांगला सुचते. पण साहेब, सगळेच बसनारे झाले तं वाढनारा कोन? आन् हे मांगचे लोक नसले," त्यांनी रांगेकडे हात केला, "तं तुमचा ट्रक रिकामा कोन करन? हा धंदा आपला नोहे." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांना दया आली असावी. "तर्री मस्त होती. तिचं काही काढाचं असन तं मले सांगा."

नागसेनने एप्रिलमध्ये फुकट सांगितलेली गोष्ट मला सप्टेंबरमध्ये अशी कळली.

संध्याकाळी सात वाजता गणपतरावांनी पडक्या आवाजात जाहीर केलं, "लंडन आलं. आपापलं सामान पाहून घ्या." घरी आम्ही ऑटोने परतलो. मला सरिताला सांगायचं होतं, की माफ कर, तुझ्यासाठी म्हणून काढलं आणि तुलाच दिवसभर राबवलं. पण तीच म्हणाली, "अहो, दहा तास झाले."

"हो."

"मी त्यात बसलेच कुठे? पहिला दीड तास झोपले तेवढाच. बाकी सगळा वेळ उभी नि चालती. पाठ दुखतेय, पण रोजच्यापेक्षा जास्त नाही." ती बाहेर बघत होती. "दोह्यामार्गे विमान जातं ना? मध्ये उतरायला मिळतं. माझं कडेच्या सीटचं तिकीट काढा. मागचं."

एवढं सगळं करून आम्ही जिथून निघालो होतो तिथेच आलो होतो. पण ती हसत होती, म्हणून मी हिशेब करायच्या भानगडीत पडलो नाही. दुसऱ्या दिवशी दोघांची तिकिटं पाहायला बसलो, तेव्हा माझ्या पासपोर्टची मुदत संपल्याचं लक्षात आलं. जुलैमध्येच संपली होती. जुलैमध्ये मी विमानाच्या खुर्च्यांचं कापड निवडत होतो.

नूतनीकरणाचा अर्ज केला. व्यवसायात 'पेन्शनर' लिहिलं. चौकशीसाठी पोलीस शिपाई घरी आला तेव्हा मी सरितासोबत व्हिसाच्या कामाला गेलो होतो. त्याने शेजारी विचारलं. शेजारी गणपतराव. मित्राबद्दल चांगलं सांगावं, या एकाच भावनेने ते म्हणाले, "साहेब विमान कंपनीचे चेअरमन आहेत."

"विमान कुठं आहे?"

"वाडीले."

शिपायाने ते लिहून घेतलं. त्यात त्याची काय चूक? पण अर्जात पेन्शनर आणि चौकशीत विमानमालक, असा माणूस देशाबाहेर जाऊ पाहतोय, हे वर कोणाला तरी बरं वाटलं नाही. माझी फाइल थांबली. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सरिता एकटी निघाली.

मी सोनेगावच्या विमानतळाच्या दारापर्यंत गेलो. तिच्या हातात एक पिशवी, पर्समध्ये श्वेतासाठी मेथीचे लाडू. मी तिला सतरा सूचना दिल्या. ती म्हणाली, "तुम्ही जेवत जा वेळेवर," आणि आत गेली. काचेतून मी पाहत होतो. रांगेतही ती एका जागी उभी नव्हती. दोन पावलं पुढे, दोन मागे. मग दिसेनाशी झाली. एवढी वर्षं आम्ही कधी वेगळे राहिलो नव्हतो, हे मला पार्किंगमध्ये गाडीची चावी सापडत नव्हती तेव्हा जाणवलं. चावी हातातच होती.

दुसऱ्या दिवशी फोन आला. आवाज ताजा होता.

"कसा झाला प्रवास?"

"चांगला. मी चालत होते ना सारखी. मागे त्या मुली असतात, जेवण गरम करणाऱ्या, त्यांच्याशी ओळख झाली. एकीच्या आईलाही मणक्याचा त्रास आहे. दोह्याहून पुढे विमान अर्धं रिकामं होतं. शेवटच्या रांगेत तीन सीटा मोकळ्या होत्या. तिने मधले हात वर केले, उशा दिल्या, चादर दिली. मी आडवी झाले ती लंडनलाच उठले."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकताय ना?" ती म्हणाली.

"ऐकतोय. सीट कशी होती?"

"तुमच्यापेक्षा बरी. गुरगुरत नव्हती."

बाळ अकरा नोव्हेंबरला झालं. मुलगी. त्याच आठवड्यात मला ठाण्यातून बोलावणं आलं. तिथले साहेब समजूतदार होते. म्हणाले, "उमाठे, प्रकरण मिटवून टाकू. एक प्रतिज्ञापत्र द्या." त्यांनी मजकूर तयारच ठेवला होता. मी, मधुकर उमाठे, शपथेवर लिहून देतो, की माझ्या मालकीची कोणतीही विमान कंपनी नाही, पूर्वी नव्हती, आणि यापुढे काढण्याचा माझा विचार नाही.

पहिल्या दोन वाक्यांना माझी हरकत नव्हती. तिसऱ्यापाशी पेन थांबला. मला नातीला बघायचं होतं. सही केली की दोन आठवड्यांत पासपोर्ट. पण एखाद्या माणसाकडून असं कायमचं लिहून घ्यावं का? साहेब घड्याळ बघत होते. मी म्हटलं, बायकोला एक फोन करतो.

लंडनला सकाळ होती. मागे बाळ जोरात रडत होतं. मी तिला मजकूर वाचून दाखवला, शब्द न् शब्द. ती हसेल किंवा चिडेल असं वाटलं होतं. माझी विमान कंपनी तिने एवढे महिने कशी सहन केली हे मला ठाऊक होतं.

मागचं रडणं हळूहळू कमी झालं. ती बाळाला खांद्यावर थोपटत असावी.

"तिसऱ्या ओळीत 'सध्या' घाला," ती म्हणाली. "सध्या विचार नाही. आणि या लवकर."

मी साहेबांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पेन घेऊन स्वतःच्या हाताने तो शब्द वरती लिहिला, आणि मी त्याच्याखाली सही केली.